आईला अजून सांगितलेलं नाही

मार्चमध्ये आई माझ्याकडे औरंगाबादला आली ती चार दिवसांसाठी. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा, पट्टी सुटली की गावी परत. पिशवीत दोन साड्या आणि कुंकवाची डबी, एवढंच सामान. पट्टी सुटली त्याच आठवड्यात करोनामुळे सगळं बंद झालं आणि आई दोन महिने माझ्याकडे अडकली. निदान आम्ही सगळे 'अडकली' असंच म्हणत होतो.

आमचं गाव सेलूच्या पुढे. तिथे आबा, म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ आणि भावजय. रोज संध्याकाळी भावाच्या फोनवर आई आबांशी बोलायची. आबा विचारायचे, कधी येतीस. आई म्हणायची, सरकार सोडंना. एवढ्यावर दोघांचं भागायचं.

मेमध्ये एका सकाळी भावाचा फोन आला. आबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेलूचे डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. या दिवसांत हलवण्यात अर्थ नाही, पण दोन दिवसांपलीकडचं काही सांगता येत नाही, ज्यांना भेटवायचं त्यांना भेटवून घ्या, असं ते म्हणाले. आईला मी अर्धंच सांगितलं. वारं गेल्याचं सांगितलं, दोन दिवसांचं सांगितलं नाही. ती उठली आणि पिशवी भरायला लागली.

जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा. मी मोबाइलवर अर्ज भरला, कारण लिहिलं वैद्यकीय. अर्ज परत आला, प्रमाणपत्र जोडा. भावाने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, तो जोडला. पुन्हा परत. आजारी माणूस परभणी जिल्ह्यात आहे, प्रवास करणारे आजारी नाहीत, असा शेरा. माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी मोबाइल पलंगावर आपटला, मग पुन्हा उचलला आणि कारणांची यादी उघडली. त्यात शेवटून दुसरं होतं, जवळच्या नातेवाइकाचा अंत्यविधी. मी त्यावर बोट ठेवलं. मृताशी नातं, पती आणि वडील. दोन तासांत पास आला. एक गाडी, दोन माणसं, एक दिवस.

नवऱ्याने पास वाचला आणि एवढंच म्हणाला की आईंना हे कळता कामा नये. ते काय सांगायला हवं होतं? दमून आलेलं कोणी 'मेले बाई' म्हणालं तरी आई त्याला चूळ भरायला लावते. जिवंत माणसाचं मरण स्वतःच्या हाताने लिहिलंय हे तिला कळलं असतं तर ती गाडीत बसली नसती. मलाही ते लिहिताना बरं वाटलं होतं असं नाही. पण आबा जिवंत असताना तिला तिथे पोचवायचं, याच्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. पास, आधार कार्ड, मास्क, सॅनिटायझर, पाण्याचा जार, सगळं मी दोनदा तपासलं. आई शेजारी बसली होती. पहाटे अंघोळ करून, मेण लावून, त्यावर ठसठशीत कुंकू. दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या. मी तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. नवऱ्यामागे बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, यावर दरवर्षी एक अख्खा तास तावातावाने बोलते. आणि माझ्या डोक्यात मात्र हे आलंच नाही.

जालना जिल्ह्याच्या हद्दीवर पहिला नाका लागला. लोखंडी अडथळे, रस्त्याकडेला तंबू. बोचकी डोक्यावर घेऊन माणसं कडेने चालत निघाली होती, त्यांना पलीकडे थांबवलं होतं. हवालदाराने मला खाली उतरवलं. पास वाचला. कोण वारलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, वडील. शब्द तोंडातून निघाला तसे माझे कान गरम झाले. मग त्याने वाकून गाडीत पाहिलं. आई मोसंबी सोलत होती.

"ह्या कोण?"

"आई."

त्याने पास पाहिला, पुन्हा आईकडे पाहिलं. कपाळाकडे, हातांकडे. त्याचा चेहरा बदलायला लागला तेव्हा कुठे मला उमगलं, नवऱ्याच्या अंत्यविधीला निघालेली बाई अशी नसते. खोटी माहिती देऊन पास काढला तर गुन्हा दाखल होईल, हे त्याच पासवर खाली छापलेलं होतं. मी त्याच्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आईला अजून सांगितलेलं नाही."

आमच्या भागात या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नवरा गेला आणि बायको परगावी असली तर तिला तिथे सांगत नाहीत. तब्येत जरा जास्त आहे, बोलावलंय, एवढं म्हणून आणतात. दारात पोचल्यावरच तिला कळतं. तोवर तिचं कुंकू तिच्या कपाळावर राहतं. हवालदार एकदम मऊ झाला. पास दोन्ही हातांनी परत दिला, खिडकीशी जाऊन आईला म्हणाला, "मावशी, पाणी हाय ना संगं? सावकाश जावा." आणि स्वतः अडथळा सरकवला.

काय म्हणत होता, आईने विचारलं. ऊन लागेल म्हणत होता, मी म्हणाले. लय चांगला माणूस होता, आई म्हणाली आणि मोसंबीची फोड माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली.

मंठ्यापर्यंत रस्ता मोकळा होता. भावाचा फोन आला. "अक्का, कुठवर आलीस? आबा दम लय टाकायलेत." मी गाडीचा वेग वाढवला. आई नरसिंहाचं नाव घेत होती. पोखर्णीच्या देवाला पाच नारळांचा नवस बोलले, असं मधेच म्हणाली.

परभणी जिल्ह्याच्या हद्दीवरचा नाका देवगाव फाट्याच्या अलीकडे होता. तिथे ट्रकांची रांग. लग्नाच्या मांडवाचं कापड टाकून सावली केलेली. टेबलामागे नोंदवही घेऊन ड्युटीवर लावलेले एक शाळेतले गुरुजी, शेजारी आरोग्य खात्याची बाई, हातात ताप पाहायचं यंत्र आणि शिक्का. ऊन चढलं होतं. आमचा नंबर यायला पाऊण तास लागला, आणि आला तेव्हा तिथला फौजदार म्हणाला की औरंगाबादची गाडी आत सोडायची नाही, वरून सांगणं आलंय, परत फिरा.

मी पास दाखवला. पास तिथल्या साहेबांचा, इथे चालत नाही, तो म्हणाला. मग माझं डोकं फिरलं. चालत नाही तर देता कशाला, हे मी चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, बाई, आवाज कमी करा. मागचे ट्रकवाले खाली उतरून पाहायला लागले. गुरुजींनी पास स्वतःकडे ओढला आणि नोंदवहीत उतरवता उतरवता मोठ्याने वाचायला सुरुवात केली, प्रवासाचं कारण... आई दहा हातांवर उभी होती. मी टेबलावर हात आपटून त्यांना थांबवलं. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले, या वेळी जरा जास्तच सफाईने.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. फौजदाराकडे पाहिलं. दोघे बाजूला जाऊन बोलले. रांगेतल्या लोकांना काय कळायचं ते कळलं, पुढचा एक ट्रकवाला न सांगता गाडी मागे घ्यायला लागला. कोणी मोठ्याने बोलेना. आरोग्याच्या बाईने आईला खुर्ची दिली, ताप पाहिला, डावा हात पुढे करायला सांगितला. चौदा दिवस वेगळं राहायचं, त्याचा शिक्का मारायचा होता. तिने आईच्या बांगड्या दोन बोटांनी हळूच वर सारल्या. त्या बांगड्यांकडे ती पाहत राहिली. मग शिक्का मारला, आईचा हात तसाच हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "काकू, धीर धरा."

हात धरायची मनाई होती. आईने तो धरलेला हात पाहिला, मग रांगेतले ट्रकवाले पाहिले, मग मला पाहिलं.

मी एक गोष्ट विसरले होते. आमच्या गावात अशी बायको परगावाहून आणायची असली की आईलाच पाठवायचे. ती शांत, बोलायला हुशार, वाटेत रडू येऊ न देणारी. जीप करून जायची आणि गप्पा मारत, पिकापाण्याचं विचारत त्या बाईला घेऊन यायची. असं तिने किती जणींना आणलं होतं कोण जाणे. लोक त्या बाईशी एकाएकी किती गोड बोलतात, कसे वाट देतात, कसे तिच्या हातांकडे पाहतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

फाट्यावर आलो. सगळी हॉटेलं बंद, फळ्या लावलेल्या. आई म्हणाली, "गाडी बाजूला घे." मी घेतली.

"कधी गेले?"

"आई, कोणी गेलेलं नाही. आबा आहेत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी सगळं सांगितलं. दोनदा परत आलेला अर्ज, यादी, माझं बोट, पहिल्या नाक्यावरचं वाक्य, दुसऱ्या नाक्यावरचं वाक्य. भडाभडा बोलले. आईने मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंच सांगायचं असतंय. मीबी असंच काहीबाही सांगत होते."

मी पास तिच्या हातात दिला. हे बघ, हेच खोटं लिहिलंय. नव्या डोळ्याने तिने एकेक अक्षर लावलं. मृताशी नातं, पती. कागद मांडीवर ठेवला. "सरकारचा कागद खोटा आन तू खरी व्हय?" मी भावाला फोन लावला, स्पीकर सुरू केला. भाऊ म्हणाला, आबा आहेत, आत्ताच दोन चमचे पेज गेली पोटात. आईने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला तूच शिकवलं असशील, म्हणाली. आबांचा आवाज ऐकवावा तर आबांना आवाजच नव्हता. मी भावाला व्हिडिओ लावायला सांगितलं. चित्र आलं. बाज, उशी, आबांचा चेहरा, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे अर्धे मिटलेले. आणि तिथेच ते अडकलं. रेंज गेली. पडद्यावर आबा तसेच, न हलता. मी फोन खिडकीबाहेर धरला, गाडीतून उतरून रस्त्यावर पळाले, हात उंच केला. परत येऊन पाहते तर आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसले मला. चल आता, लवकर चल. उन्हाचं त्यांना ठेवू नये."

त्यानंतर सेलूपर्यंत मी जे ऐकलं ते मला कधी ऐकायचं नव्हतं. आई रडत नव्हती. ती मला कामं सांगत होती. लाकडं शेतातल्या बाभळीची घ्या, विकत आणू नका. आबांचं धोतर ट्रंकेत खालच्या अंगाला आहे, भावजयीला सापडायचं नाही. लोक येणार नाहीत, आलेले बरेही नाहीत, पण चुलत्याला निरोप जाऊ दे. भावजयीने सकाळपासून काही खाल्लं नसेल, तिला आधी चहा दे. मी गाडी चालवत म्हणत होते, आई, आबा आहेत, आई, शपथ घेऊन सांगते. एकदा मी स्टिअरिंगवर हात मारून तिच्यावर ओरडलेसुद्धा. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. मला सांभाळत होती ती.

सेलूत बाजार बंद, जिनिंगची फाटकं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गावाबाहेर पडल्यावर आई वेगळ्याच आवाजात बोलायला लागली.

"तुला एक सांगते बाई. दोन महिने मला तुझ्याकडं लय बरं वाटलं. डोळा कवाच बरा झाला होता. तुमच्या गल्लीत भाजीची गाडी येती ना, तो सेलूकडला हाय. नेतो म्हणाला होता मला. मीच न्हाई म्हणाले. म्हणलं, राहू आणखी आठ दिवस. सकाळी कुणी हाक मारत न्हाई. च्या आयता मिळतोय. गॅलरीत बसलं की दुपार कवा जाती कळत न्हाई. ते तिकडं रोज इचारायचे कधी येतीस, आन मी सरकारचं नाव सांगायची."

मग म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा मला कुणाची आठवण आली न्हाई."

मला भीती वाटत होती. आता आबा खरंच गेले असतील तर, ही एक. आणि नसतील गेले तर, ही दुसरी. दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

गावाच्या वेशीत बैलगाडी आडवी लावून काट्या टाकल्या होत्या. राखणीला बसलेल्यांनी लांबूनच सांगितलं, बाहेरून आलेल्यांनी चौदा दिवस शाळेत. भाऊ येऊन उभा होता. तो त्यांच्याशी बोलला, आणि दारापासून दहा पावलांवर उभं राहून बघायचं, शिवायचं नाही, एवढ्यावर ठरलं. आईने भावाला काही विचारलं नाही. गल्ली रिकामी होती. त्या दिवसांत मयत असली तरी गल्ली रिकामीच असायची, त्यामुळे त्यावरूनही तिला काही कळण्यासारखं नव्हतं. ती पुढे चालली, पदर कपाळाच्या खाली, मी मागे.

दारासमोर भावाने चुन्याची रेघ ओढली होती. ओसरीवर बाज. भावजय वारा घालत होती. आबांनी डावा हात उचलला. कोण आलंय ते त्यांना दिसलं असावं, कारण घशातून एक आवाज आला, अर्धवट, ओला. डावा डोळा भरून वाहायला लागला.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच मातीत बसले. आई बसली नाही. ती रेघेवर उभी होती. तिने आबांकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली, चोरी पकडली गेल्यासारखी. बराच वेळ ती वर बघेना. मग भावजयीला विचारलं, "गोळ्या दिल्या का?"

शाळेत आम्हाला दुसरीचा वर्ग दिला होता. बाकडी एकावर एक रचून ठेवलेली, भिंतीवर मुळाक्षरं. दुपारी भाऊ डबा खिडकीत ठेवून गेला. आई जेवली नाही. माझं चुकलं, मी म्हणाले. तुझं काय चुकलं, पोचवलंस की मला, ती म्हणाली. मग शिक्क्याची शाई पदराने घासायला लागली. ती निघणारी नव्हती.

"मी गाडीत बोलले ते कुणाला सांगू नको."

नाही सांगणार, मी म्हणाले.

"ते नवरा गेलेली बाई बोलली. मी न्हवं."

चौदा दिवस ती सकाळ-संध्याकाळ त्या रेघेवर जाऊन उभी राहिली. पंधराव्या दिवशी घरात गेली आणि भावजयीच्या हातातली वाटी स्वतःकडे घेतली. आबा आणखी अडीच वर्षं जगले. त्या अडीच वर्षांतला एकेक घास आईने भरवला. रात्री कूस बदलायलाही ती दुसऱ्याला उठू देत नसे. गावात तिचं नाव झालं, बायका सुनांना तिचा दाखला द्यायच्या. मी कधी म्हणाले, चार दिवस माझ्याकडे चल, बदल होईल, की ती तिथून उठून जायची.

आबा गेले तेव्हा रस्ते खुले होते. मी अडीच तासांत पोचले. तेरावा झाल्यावर मी आईला न विचारताच तिच्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या. मला वाटलं, आता तिला अडवणारं काही राहिलेलं नाही. तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि साड्या एकेक करून परत ट्रंकेत ठेवल्या.

"तिथं मला लय बरं वाटतं बाई," ती म्हणाली. "म्हणून तर न्हाई यायचं."